लाकडाच्या स्टोव्हची काच काळी नाही, पांढुरकी झालीय : कशाने पुसायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंग्लंडमध्ये शेफील्डजवळ जुनं दगडी घर घेतलंय. बैठकीच्या खोलीत आधीच्या मालकांचा लाकडाचा स्टोव्ह आहे. दाराची काच काळीकुट्ट होती, ती तुम्ही पुसलीत. पण काळं निघाल्यावर खाली दुधट, धुरकट पांढरेपणा उरला आणि तो काही केल्या जात नाही. ओल्या फडक्याने पुसलं की काच स्वच्छ दिसते, वाळली की पुन्हा तशीच. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई म्हणतात राखेनं घासा, मिस्टर म्हणतात ओव्हन क्लीनर मारा. कोणाचं ऐकायचं?

मी यॉर्कशरमध्ये असे स्टोव्ह बसवण्याचं आणि त्यांच्या देखभालीचं काम करतो. थंडी सुरू झाली की पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. काळ्या डागांपुरतं सासूबाईंचं शंभर टक्के बरोबर आहे. ओव्हन क्लीनर मात्र कृपा करून मारू नका, त्याची कारणं पुढे सांगतो. पण तुमची अडचण काळ्याची नाही, पांढऱ्याची आहे, आणि पांढरं दिसणारं सगळं एकाच जातीचं नसतं. ते काय आहे हे कळायच्या आत घासायला लागलात तर पुसून जाणारा डाग कायमच्या ओरखड्यात बदलू शकतो. म्हणून आधी ओळख, मग घासणं.

"ओली असताना स्वच्छ, वाळली की धूसर" हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. पृष्ठभागावर अगदी बारीक खडबडीतपणा असला की प्रकाश तिथे विखुरतो आणि काच पांढरी दिसते. पाण्याने ते खळगे भरले की प्रकाश सरळ आरपार जातो. बाथरूमच्या दुधी काचेवर पाणी उडालं की तेवढ्या जागेतून पलीकडचं दिसायला लागतं, तसंच हे. म्हणजे तुमच्या काचेवर एकतर बारीक, कोरडा, चिकटून बसलेला थर आहे, नाहीतर काचच वरून खरवडल्यासारखी झाली आहे. थर असेल तर तो निघतो. काच झिजली असेल तर निघण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

हा फरक ओळखायचा कसा? स्टोव्ह पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, दार उघडा आणि मोबाइलचा टॉर्च काचेच्या अगदी कडेने, जवळजवळ समांतर धरा. थर असेल तर त्याला कडा दिसतात, ओघळ दिसतात, कुठे दाट कुठे विरळ असतो. काच झिजलेली असेल तर धूसरपणा एकसारखा पसरलेला दिसतो, आणि प्रकरण फार पुढे गेलं असेल तर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं चमकतं. मग खालच्या कोपऱ्यात, जिथे नजर जात नाही अशा ठिकाणी, दोन सेंटिमीटर जागा पाण्याने ओली करून सिरॅमिक हॉब (सपाट काचेची विजेची शेगडी) खरवडायचं पातं आडवं धरून हलकेच एकदा ओढा. पात्यावर पांढरट चिखल आला तर आनंद माना. काहीच आलं नाही आणि ती जागा वाळल्यावर पूर्वीसारखीच दिसली, तर बहुधा काच झिजली आहे.

आणि एक गोष्ट लोक नेमकी विसरतात : बाहेरची बाजूही तपासा. आतून तासभर घासून झाल्यावर कळतं की धूसरपणा बाहेरून होता, कोणीतरी फर्निचरचं पॉलिश किंवा खिडक्यांचा स्प्रे मारला होता आणि तो उष्णतेने भाजून बसला होता. काही स्टोव्हना दोन काचा असतात. त्यांच्या मधल्या फटीत राख गेली तर काचा सोडवल्याशिवाय ती निघत नाही.

आता ही काच म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. स्टोव्हच्या दाराला खिडकीची काच चालत नाही, ओव्हनच्या दाराची टफन्ड काचही चालत नाही. इथे ग्लास-सिरॅमिक असतं. ही काच आधी नेहमीसारखी ओततात आणि मग ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून तिच्यात सूक्ष्म स्फटिक वाढवतात. ते स्फटिक तापल्यावर किंचित आकसतात, भोवतालची काच किंचित प्रसरते, आणि दोन्ही मिळून हिशोब जवळजवळ शून्यावर येतो. म्हणूनच ६००-७०० अंश सेल्सिअसची झळ ती सोसते आणि तापलेली असताना थंड पाण्याचे थेंब उडाले तरी तडकत नाही. या पदार्थाचा शोध अपघाताने लागला. १९५३ मध्ये अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी काचेचा एक तुकडा ६०० अंशांना तापवत होते, भट्टी बिघडून ९०० पर्यंत गेली, आणि बाहेर काढताना तुकडा चिमट्यातून निसटून फरशीवर पडला तो फुटलाच नाही. आज स्टोव्हच्या दारांत मुख्यतः जर्मनीच्या शॉट कंपनीची रोबॅक्स किंवा जपानच्या निप्पॉन इलेक्ट्रिक ग्लासची निओसेराम असते, बहुतेक वेळा ४ मिलिमीटर जाडीची.

उष्णतेच्या बाबतीत इतकी दणकट असलेली ही काच दोन गोष्टींपुढे हार मानते. एक म्हणजे ओरखडा, दुसरी म्हणजे आम्ल. तुमच्या काचेचं कोडं बहुधा या दुसऱ्या गोष्टीपाशी सुटेल.

पांढरेपणाचे जे प्रकार मी पाहतो त्यातला सगळ्यात साधा म्हणजे उडती राख. लाकडात कॅल्शियम, पोटॅशियम असे क्षार असतात, सालीत तर जास्तच. लाकूड जळून गेलं तरी क्षार जळत नाहीत, ते हवेबरोबर उडून काचेवर बसतात. आधी बसलेलं काळं डांबर पुढच्या चांगल्या विस्तवात जळून जातं, पण त्यात अडकलेली राख तिथेच राहते. म्हणजे एकेकाळी काळ्या असलेल्या काचेवर पांढरट पापुद्रा उरणं हे अगदी स्वाभाविक आहे. ही राख लवकर पुसली तर ओल्या कागदाने जाते. महिनोन्महिने तिच्यावर विस्तव पेटत राहिला तर ती घट्ट धरून बसते.

दुसरा प्रकार आपणच तयार केलेला असतो. राखेने काच घासली, पण नंतर स्वच्छ पाण्याने नीट धुतली नाही, तर चुनखडीचा पातळ थर मागे राहतो. लाकडाच्या राखेत सर्वांत मोठा वाटा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचाच असतो. बाजारातला ग्लास क्लीनर मारून, वरवर पुसून लगेच विस्तव पेटवला तरी हेच होतं. काचेवर राहिलेला साबण भाजला जातो आणि इंद्रधनुषी किंवा दुधट डाग पडतात.

तिसरा प्रकार गंभीर, आणि जुन्या घरात तो असण्याची शक्यता मी कधीच सोडून देत नाही. तुमच्या परसात सिमेंटची किंवा विटांची छोटी कोठी आहे का? इथल्या जुन्या घरांत कोळसा साठवायला अशी कोठी असायची. स्टोव्हच्या आत तळाला सपाट बूड आहे, की लोखंडी जाळी आणि राख पाडायला हलवायचा दांडा आहे? जाळी असेल तर तो मल्टिफ्युएल, म्हणजे लाकूड आणि कोळसा दोन्ही चालणारा, स्टोव्ह आहे आणि आधीच्या मालकांनी त्यात कोळसा किंवा बिनधुराचं इंधन (कमी धूर करणारे, कोळशासारखे तयार गोळे) जाळलेलं असण्याची दाट शक्यता आहे. कोळशात गंधक असतं. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून घरगुती कोळशाच्या पिशव्या विकायला बंदी आहे, १ मे २०२३ पासून सुट्या कोळशालाही, आणि बिनधुराच्या इंधनात गंधक २ टक्क्यांहून कमी असावं असा नियम आहे. पण स्टोव्ह त्याच्या आधीचा असेल तर त्याने सगळं पाहिलेलं असतं.

गंधक जळून तयार झालेला वायू पाण्याच्या वाफेला भेटला की गंधकाम्ल तयार होतं. काच चांगली तापलेली असेल तर ते वायुरूपातच धुरांड्यातून निघून जातं. पण रात्री हवा बंद करून विस्तव धुमसत ठेवला, काच निवली, की आम्ल तिच्यावर दवासारखं धरतं. ते काचेतलं लिथियम ओढून घेतं, वरचा पृष्ठभाग आकसतो आणि त्यावर सूक्ष्म भेगा पडतात. कोळशाबरोबर ओलं लाकूड जाळणं तर सगळ्यात वाईट, कारण गंधक एकाने पुरवलं आणि पाणी दुसऱ्याने. धुरांड्याच्या आत बसवलेले स्टीलचे नळ (लायनर) याच कारणाने सडतात. किनाऱ्यावरून गोळा केलेलं लाकूड, रंगवलेल्या पट्ट्या, एमडीएफचे तुकडे यांचाही त्रास याच जातीचा. त्यांतल्या मिठातून किंवा रसायनांतून आम्लं निघतात, आणि रंगवलेल्या लाकडाचा धूर माणसालाही विषारी असतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे. मी ज्या क्रमाने करतो तोच क्रम सांगतो : सौम्य उपाय आधी, कडक नंतर, आणि प्रत्येक उपायानंतर काच कोरडी करून बघायची. ओल्या काचेवरून निष्कर्ष काढू नका, ती नेहमीच स्वच्छ दिसते.

स्टोव्ह गार असला पाहिजे, नुसता कोमट नाही. काच फुटेल म्हणून नव्हे. कोमट काचेवर द्रव क्षणात वाळतो, डाग उलट पक्का बसतो आणि वाफ नाकात जाते. दाराखाली जुना टॉवेल अंथरा. काचेच्या कडेला पांढरी चपटी पट्टी आणि दाराच्या खाचेत जाड दोरी दिसेल. फटी बंद ठेवायला असलेल्या या दोन्ही गोष्टी भिजता कामा नयेत. म्हणून काचेवर काहीही थेट फवारू नका, फडक्यावर किंवा कागदावर घ्या. फवारलेला द्रव ओघळून खालच्या पट्टीत शिरतो, तिथे साचतो, आणि पुढच्या विस्तवाला काचेच्या तळाशी तपकिरी ओघळ उमटतात. मग लोक म्हणतात, आम्ही तर स्वच्छ पुसली होती.

आधी नुसतं कोमट पाणी आणि वर्तमानपत्राचा बोळा. यात सुटी राख निघून जाते आणि खाली काय आहे ते दिसतं.

मग सासूबाईंची राख. चुलीच्या राखेनं भांडी लखलखीत करणाऱ्या पिढीला हे शिकवायची गरज नाही, पण स्टोव्हच्या काचेसाठी दोन-तीन पथ्यं पाळावी लागतात. राख फक्त लाकडाची हवी. कोळशाची किंवा बिनधुराच्या इंधनाची अजिबात नको, ती कचकचीत असते आणि तिच्यात नको ते धातू असतात. राख गार असायला हवी. वरून गार वाटलेल्या राखेत एक-दोन दिवसांनीही निखारा जिवंत सापडतो. ती पिठाच्या बारीक चाळणीतून चाळून घ्या. तळाशी राहतात ते वाळूचे कण आणि कोळशाचे तुकडे, आणि ओरखडे तेच पाडतात. पितळेच्या पातेल्यावर चालेल ते या काचेवर चालत नाही. ओल्या कागदाचा बोळा या पिठासारख्या राखेत टेकवा आणि काचेवर गोल गोल फिरवा, दाबू नका. राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात विरघळून अल्कधर्मी द्रावण होतं, आणि लाकडाच्या धुराचं डांबर आम्लधर्मी असल्यामुळे त्यात सुटतं. काम रसायन करतं, जोर नाही. बोळा काळा झाला की टाकून नवा घ्या. हातमोजे घाला, ओल्या राखेने कातडी कोरडी पडते आणि चरचरते.

राखेने काळं, तपकिरी, चिकट असं सगळं निघेल. तुमचा पांढरेपणा मात्र बहुधा निघणार नाही, कारण तो डांबराचा नाहीच. त्याला उलट औषध लागतं.

ते म्हणजे व्हिनेगर. तेही आम्लच, पण सौम्य; पाणी घालून थोडा वेळ लावलं तर गंधकाम्लासारखं काचेला खात नाही. इथल्या दुकानांत चिप्सवर घालायचं तपकिरी माल्ट व्हिनेगर पहिलं हाताला लागतं, ते नको, साधं पांढरं घ्या. तेवढंच पाणी घालून त्यात किचन पेपर भिजवा, पिळा, काचेवर सपाट चिकटवून १० मिनिटं राहू द्या. उभ्या काचेवर टिकत नसेल तर दार बिजागरीवरून उचलून टेबलावर आडवं ठेवा. बऱ्याच स्टोव्हचं दार नुसतं वर उचललं की निघतं, पण ओतीव लोखंडाचं दार जड असतं, दोघांनी धरा. चुनखडी असेल तर व्हिनेगरमध्ये ती विरघळते आणि थर हाताखाली मऊ होतो. मग पुसा, साध्या पाण्याने दोनदा पुसा, आणि कोरडं करा. व्हिनेगर लोखंडाला लागलेलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी गंज दिसतो, म्हणून कडा पुसायला विसरू नका. आणि राख आणि व्हिनेगर एकत्र कालवू नका. एक अल्क, एक आम्ल, दोन्ही एकमेकांना मारतात आणि हातात नुसता फेस राहतो. आधी एक, मध्ये पाणी, मग दुसरं.

माझ्या अनुभवात "काही केल्या जात नाही" म्हणून सांगितलेल्या पांढऱ्या काचांपैकी पुष्कळ इथेच स्वच्छ होतात. लोकांनी काळ्यासाठीची औषधं पांढऱ्यावर वापरलेली असतात, एवढंच.

व्हिनेगरनंतरही ढग उरला तर सिरॅमिक हॉबसाठी मिळणारं क्रीम घ्या. हॉबची काच आणि स्टोव्हची काच एकाच घराण्यातली, त्यामुळे हे क्रीम तिला न ओरबाडता घासायलाच बनवलेलं असतं. वाटाण्याएवढं क्रीम, ओलसर किचन पेपर, आणि थोडा धीर. छोट्या भागात गोल फिरवत राहा, मग ओल्या फडक्याने पूर्ण काढा. क्रीमचा लवलेश राहिला तर तोही भाजून डाग पडेल. टणक ठिपके असतील तर हॉबचं पातं चालतं, पण काच ओली आणि पातं जवळजवळ आडवं. कोरड्या काचेवर पातं कधीच नाही.

यापुढे मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका. भांड्यांची हिरवी घासणी, तारेची गुंडी, पॉलिश पेपर यांनी धूसरपणा गेल्यासारखा वाटतो, कारण तुम्ही ओल्या काचेवर घासत असता. वाळल्यावर त्यात ओरखड्यांची भर पडलेली दिसते. ०००० नंबरची अतिबारीक स्टील वूल काही जण वापरतात आणि कोऱ्या, साध्या काचेवर ती सहसा निभावते. पण काही स्टोव्हच्या काचेवर उष्णता आत परतवणारा पारदर्शक लेप असतो, काहींना कडेने काळी छपाई असते. त्यांवर पातंही नको आणि वूलही नको. तुमच्या मॉडेलची पुस्तिका बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावर सापडेल. लेप आहे की नाही हे तिथे पाहिल्याशिवाय पात्याला हात लावू नका.

ओव्हन क्लीनरबद्दल. त्यातल्या पुष्कळ डब्यांत सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे कॉस्टिक सोडा. डांबर त्याने सुटतं यात वाद नाही, म्हणूनच तो सल्ला इतका पसरलाय. पण ते दाराच्या दोरीत झिरपलं की दोरी कडक होऊन चुरते, स्टोव्हच्या काळ्या रंगावर डाग पाडतं, आणि कडेच्या फटीत राहिलेला अंश पुढच्या विस्तवात तापून काचेलाच खायला लागतो. तुमच्या पांढऱ्या थरावर तर त्याचा काहीच उपयोग नाही, कारण चुनखडी अल्कात विरघळत नाही. मिस्टरांना सांगा, तो डबा ओव्हनसाठी चांगला आहे, तिथेच ठेवा.

समजा काच स्वच्छ झाली. ती पुन्हा काळी का होते, याचं उत्तर काचेत नाही, विस्तवात आहे. काचेवर बसलेली काजळी म्हणजे न जळलेलं लाकूड. जे काचेवर बसलं तेच धुरांड्यातही बसतंय आणि शेजाऱ्यांच्या अंगणातही जातंय. शेफील्डचा बराचसा भाग स्मोक कंट्रोल एरियात, म्हणजे धुरावर निर्बंध असलेल्या हद्दीत, आहे. १९५२ च्या लंडनच्या जीवघेण्या धुक्यानंतर १९५६ चा क्लीन एअर ॲक्ट आला, त्यातून या व्यवस्थेची सुरुवात झाली. आज अशा भागात धुरांड्यातून धूर दिसला तर कौन्सिल १७५ ते ३०० पौंडांपर्यंत दंड करू शकते, आणि लाकूड जाळायला सरकारने सूट दिलेला स्टोव्हच लागतो. तुमचं घर त्या हद्दीत येतं का हे कौन्सिलकडून आणि तुमच्या मॉडेलला सूट आहे का हे डेफ्राच्या (सरकारच्या पर्यावरण खात्याच्या) यादीतून बघून घ्या.

सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे ओलं लाकूड. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. २० टक्के ओल असलेल्या एक किलो लाकडातही २०० ग्रॅम पाणी असतं, आणि ते आधी उकळून उडवायला विस्तवाचीच उष्णता खर्च होते. त्यापेक्षा ओल जास्त झाली की विस्तव निवतो, धूर जळत नाही, आणि काचेवर येऊन बसतो. इथे "रेडी टू बर्न" असा शिक्का असलेलं लाकूड २० टक्के किंवा त्याहून कमी ओलीचं असतं. छोट्या प्रमाणात विकलं जाणारं लाकूड असंच असावं, असा १ मे २०२१ पासून नियम आहे. तरी ओल मोजायचं साधं मीटर घ्या, स्वस्तात मिळतं. मोजताना ओंडक्याच्या टोकाला टोचू नका, ते टोक नेहमीच वाळलेलं असतं. ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला टोचा. स्वतः वाळवणार असाल तर ॲश आणि बर्च या झाडांचं लाकूड लवकर तयार होतं, ओकला दोन वर्षं द्यावी लागतात. वर छप्पर, बाजूंनी वारा. पूर्ण ताडपत्रीत गुंडाळलेला ढीग वाळत नाही, कुजतो.

दुसरं कारण हवा. बहुतेक स्टोव्हमध्ये काचेच्या वरच्या कडेतून गरम हवेचा पातळ थर काचेला घासत खाली उतरतो, त्याला इथे एअरवॉश म्हणतात. तो धुराला काचेपर्यंत येऊ देत नाही. लाकडाच्या विस्तवाला खालच्या हवेची गरज फक्त पेटवताना असते. एकदा ज्वाळा धरल्या की खालची कळ बंद करायची आणि वरच्या कळीने विस्तव सांभाळायचा. पुष्कळ घरी उलटं चालतं : वरची बंद, खालची उघडी. आणि रात्रभर निखारा टिकावा म्हणून दोन्ही बंद करून मोठा ओंडका घालून झोपणं, ही कोळशाच्या काळातली सवय लाकडाला लागू नाही. सकाळी काच काळी सापडते ती त्यामुळेच. लाकूड ज्वाळेनेच जाळायचं असतं.

पेटवण्याची पद्धतही बदलून बघा. खाली दोन जाडसर ओंडके, त्यावर बारीक ढलप्या, सगळ्यात वर पेटवण, आणि आग वरून लावायची. आपल्याकडच्या चुलीच्या सवयीला हे विचित्र वाटतं, पण खालून निघणारा धूर वरच्या ज्वाळेतून जातो आणि जळून जातो. पहिली काही मिनिटं दार बोटभर किलकिलं ठेवा आणि समोरून हलू नका. गार काचेवर वाफ धरते, त्या ओलीला काजळी चिकटते, आणि दिवसभराचा डाग त्या पाच-दहा मिनिटांत पडतो. ओंडके काचेला टेकवून रचू नका.

डाग कुठे आहे तेही बघत जा. संपूर्ण काच काळी म्हणजे लाकूड किंवा हवा. दारात सतत एकाच बाजूला किंवा एकाच कोपऱ्यात काळं म्हणजे तिथून बाहेरची गार हवा आत शिरतेय, दोरी झिजली आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करा आणि ओढा. घट्ट बसली तर दोरी ठीक, अलगद निघाली तर त्या जागी पकड गेली आहे. असं सगळ्या बाजूंनी तपासा. दोरी बदलणं कठीण नाही : जुनी खरवडून काढायची, खाच स्वच्छ करायची, त्याच जाडीची नवी दोरी तापमान सोसणाऱ्या गोंदाने बसवायची, न ताणता. ताणून बसवली की ती बारीक होते आणि पकड पुन्हा जाते. आणि नवीन घर आहे म्हणून सांगतो, पहिला विस्तव पेटवण्याआधी धुरांडं स्वीपकडून साफ करून घ्या आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का ते पाहा. काचेपेक्षा हे आधी.

आता शेवटची शक्यता. व्हिनेगर झालं, क्रीम झालं, कडेने टॉर्च मारला तर एकसारखा धूसरपणा किंवा भेगांचं जाळं आहे. मग ती काच आम्लाने खाल्लेली आहे. सेरियम ऑक्साइडने (काच पॉलिश करायची पूड) घासून थोडा उजाळा आणता येतो, पण या कडक काचेवर त्याला फार वेळ लागतो आणि आत गेलेल्या भेगा त्याने भरत नाहीत. मी तसं करायला सांगणार नाही. नुसता धूसरपणा असेल आणि तुम्हाला चालत असेल तर तशीच वापरायला धोका नाही, विस्तव तितकाच ऊब देतो. आरपार तडा असेल, किंवा बोटाला जाणवणारी भेग असेल, तर मात्र काच बदलेपर्यंत स्टोव्ह पेटवू नका.

बदलायची असेल तर कंपनीच्या सुट्या भागांत मॉडेलच्या नावाने मिळते, नाहीतर मापाने कापून देणारी दुकानं आहेत. माप दाराच्या भोकाचं नव्हे, काचेचं घ्या. कमानदार काच असेल तर जुनी काच पुठ्ठ्यावर ठेवून आकार काढा. ग्लास-सिरॅमिकच मागा, टफन्ड किंवा बोरोसिलिकेट स्वस्त मिळालं तरी नको. जुने स्क्रू गंजून अडकलेले असतील, त्यांना आदल्या रात्री तेल सोडा, जोर लावून मुंडी तोडू नका. काचेभोवतीची चपटी पट्टी नवी लावा, जुनी कधीच परत नाही. क्लिपा काच हलणार नाही इतक्याच आवळा. लोखंडी चौकट तापल्यावर वाढते, काच वाढत नाही, त्यामुळे आवळून बसवलेली काच पहिल्या मोठ्या विस्तवाला कोपऱ्यात तडकते. पहिले दोन विस्तव छोटे ठेवा, गार झाल्यावर स्क्रू एकदा तपासा, आणि मग नेहमीसारखं चालू करा.